सगळे शोधत होते, आणि तो दुसऱ्या गावाला निघाला

प्रिय बाबू, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात बावीस घरांची तुमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च. तू ढोलकी वाजवतोस, गातोस, दोन गाणी स्वतः रचलीस. मागच्या नाताळात मित्राने त्यातलं एक मोबाईलवर धरून यूट्यूबवर टाकलं आणि ते चाळीस हजार लोकांनी पाहिलं. आता अकोल्यापासून गोंदियापर्यंतच्या कन्व्हेन्शनवाल्यांचे, म्हणजे मोठे ख्रिस्ती मेळावे भरवणाऱ्यांचे, फोन येतात. त्याच महिन्यात तुमच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, तुला शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा मुलांचा शास्त्राचा वर्ग, घ्यायला सांगितली. मुलं अकरा. तू विचारतोस, "सगळे म्हणतात, देवाने मोठं दार उघडलं. मग अकरा पोरांत अडकून बसणं म्हणजे देवाच्या योजनेला नाही म्हणणं होत नाही का? की मलाच नाव पाहिजे आणि मी त्याला देवाची योजना म्हणतो आहे?"

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण चाळिशीत विचारतात, तेही काही मोडल्यावर. तू चोविसाव्या वर्षी विचारलास. मी यवतमाळ-अमरावतीच्या खेड्यांत सव्वीस वर्षं पाळक आहे आणि मला तो उशिराच सुचला, त्यामुळे जरा लांबण लावतो, ऐकून घे.

आधी "देवाची योजना" या शब्दाचंच बघू. तुमच्या घरीही ते कॅलेंडर असेल, वर उगवता सूर्य आणि खाली यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं वचन. दहावीच्या निकालाला, नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे तेच. वचन खरं आहे, पण त्याच्या वरची ओळ कॅलेंडरवाला छापत नाही. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ते पत्र यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. आणि या सत्तर वर्षांत करायचं काय? पाचव्या वचनापासून वाच: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात नेऊन टाकलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. देवाची योजना म्हणून त्यांच्या हातात आलं ते एवढं. खुरपं आणि सत्तर पावसाळे.

आता त्याच्या आदला अध्याय काढ. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर तो उभा राहतो आणि सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि मंदिरातली पात्रंही. यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून लाकडी जू होतं, ते काढून हनन्या मोडून टाकतो. त्या दिवशी मोबाईल असते तर कोणाचा व्हिडिओ चालला असता ते सांगायला नको. सत्तरवाला कोणाला पाहिजे? दोनवाला सगळ्यांना पाहिजे.

मला त्या अध्यायात सगळ्यात आवडते ती यिर्मयाची वागणूक. तो चिडत नाही. आधी "आमेन" म्हणतो, परमेश्वर तसंच करो म्हणतो. म्हणजे लोकांना जे हवं होतं ते त्यालाही हवंच होतं, फक्त देवाने त्याला ते सांगितलेलं नव्हतं. जू मोडल्यावर तो गुपचूप आपल्या वाटेने निघून जातो. सगळ्या लोकांदेखत हरल्यासारखा जातो. देवाचा पुढचा शब्द त्याला नंतर मिळतो.

लोकप्रियता म्हटलं की आपण लगेच गर्वावर बोलतो आणि गर्वावरचा उपदेश ऐकून सगळे मान डोलावतात. माझ्या पाहण्यात गर्व नंतर येतो. आधी येते ती घाई. लोकांना जे ऐकायचं आहे ते थोडं लवकर सांगून टाकण्याची घाई. हनन्या गर्विष्ठ होता की नाही, शास्त्र सांगत नाही. त्याने सत्तरचे दोन केले, एवढं मात्र नक्की सांगतं.

माझंही असंच झालं होतं, म्हणून हे पाठ आहे. या मंडळीत येऊन मला सातवं वर्ष लागलं होतं. एका कन्व्हेन्शनला मुख्य वक्ता ऐन वेळी आला नाही आणि मला उभं केलं. बोलणं जमलं, लोक रडले, पुढे येऊन गुडघ्यावर बसले. तिथून बोलावणी सुरू झाली. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी अकरा. पुढे पुढे महिन्यातले दोन रविवार मी बाहेरच असायचो आणि मंडळीत उपासना एखादा पंच चालवायचा. प्रत्येक ठिकाणी एक शाल मिळायची. घरात शालींचा गठ्ठा झाला. बायको म्हणायची, या उन्हाळ्याच्या मुलखात एवढ्या शाली पांघरणार कोण?

आमच्या मंडळीत एक आजी होती. पाय सुजलेले, देवळापर्यंत येववत नव्हतं. तिने निरोप धाडला की प्रभुभोजन घरी द्यायला या. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारी मी वर्ध्याकडे. त्याच्या पुढच्या रविवारी बुलढाण्याकडे. तिसऱ्यांदा मी गावातच होतो, पण रात्रीच्या गाडीने पोचलेलो, थकलेलो, म्हटलं बुधवारी जाऊ. मंगळवारी ती गेली. आजीच्या घराच्या अंगणात तिच्या नातवाने मला एक वाटी दाखवली. आजीने पंधरा दिवस ती घासून, पुसून, कापडाखाली झाकून ठेवली होती, द्राक्षारसासाठी.

तिच्याबद्दल कोणी मला बोल लावला नाही. त्या हंगामात आमचे एक वयस्क पंच मला त्यांच्या वावरात घेऊन गेले, नुसते फिरायला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माझ्या छातीएवढी, हिरवीगार. मी म्हटलं, मामा, यंदा जोरात आहे. ते म्हणाले, "साहेब, लोकंबी सडकेवरून असंच म्हनतात. आत येऊन बोंडं मोजून पाह्यजा. युरिया जास्तीचा झाला की ते नुसती वाढते." मग त्यांनी वाकून दोन-चार झाडांचे शेंडे खुडले आणि आम्ही चहा प्यायला घरी आलो. पुढे त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. मी मात्र पुढच्या वर्षाची सात बोलावणी नाकारली. (त्यांतल्या दोघांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि ते मला लागलं, हेही सांगून ठेवतो. लागतं.)

तू म्हणशील, मग बोलावणी म्हणजे सैतानाचा सापळा आहे का? तसं अजिबात नाही. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक रात्र आणि सकाळ आहे. रात्री सगळं गाव दाराशी जमलं होतं, पुष्कळ आजारी बरे झाले. पहाटे अंधारातच प्रभू उठून एकांतात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन आणि बाकीचे शोधत आले आणि म्हणाले, सगळे लोक तुम्हाला शोधत आहेत. हे खोटं नव्हतं. गावात आजारी अजूनही असतील, लोकांची गरजही खरी होती. तरी त्याचं उत्तर होतं, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे. मूळ ग्रीक भाषेत तिथे 'गावांत' या अर्थी जो शब्द आहे तो सगळ्या नव्या करारात त्या एकाच जागी येतो, आणि त्याचा अर्थ धड खेडं नाही, धड शहर नाही असा आहे. आपल्याकडे ज्याला बाजाराचं गाव म्हणतो, तसली गावं.

या उताऱ्यावर मी वर्षानुवर्षं चुकीचा उपदेश केला. मी सांगायचो, बघा, प्रभूने गर्दी सोडली, म्हणून गर्दी वाईट. पण तो पुढच्या गावात गेला तेव्हा तिथेही गर्दीच झाली. त्याने गर्दी टाळली नाही. उद्या सकाळी कुठे जायचं हे मात्र त्याने गर्दीला ठरवू दिलं नाही. ते पहाटेच ठरलं होतं, शिमोन उठायच्या आधी. तुझ्या बाबतीत एवढंच तपास: फोन वाजण्याआधी तुझा दिवस ठरलेला असतो की फोन वाजल्यावर ठरतो?

योहानाच्या सहाव्या अध्यायात तर लोक त्याला धरून राजा करायलाच निघाले होते. भाकरी खाल्लेले पाच हजार पुरुष. तो एकटाच डोंगरावर निघून गेला. आणि अध्याय संपायच्या आत बरेच शिष्य त्याला सोडून गेले, इतके की त्याने उरलेल्या बारा शिष्यांना विचारलं, तुम्हीही जाता का? पाच हजारांवरून बारांवर. आमच्या वार्षिक सभेत एखाद्या पाळकाने असा अहवाल वाचला असता तर त्याची बदलीच झाली असती.

आता आपल्या लोकांपैकी दोघांची गोष्ट सांगतो.

पंडिता रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला गेल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्या काळी एखाद्या बाईला यापेक्षा मोठी कीर्ती काय मिळणार? पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांच्यातलेच कितीतरी विरोधात गेले. १८९३ मध्ये शारदा सदनावरून, म्हणजे त्यांच्या मुली-विधवांच्या शाळेवरून, वाद पेटला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर त्या केडगावच्या माळरानावर गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच बाजूला, येऊन त्यांनी उपाशी पोरी-बायका गोळा करून नेल्या. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने सगळ्या पवित्र शास्त्राचं मराठी करत बसल्या होत्या, आणि तेही साध्या बाईला कळेल असं. संस्कृतात शास्त्रार्थ करू शकणारी बाई सोपं मराठी शोधत बसली! १९२२ मध्ये त्या वारल्या, पूर्ण भाषांतर त्यानंतर छापून आलं. ज्या विद्वत्तेवर कलकत्त्याने टाळ्या वाजवल्या, तीच विद्वत्ता केडगावात दळणासारखी वापरली गेली. देणगी तीच होती, वापर बदलला. तुझ्या गळ्याचंही तसं होऊ शकतं. गळा फेकून द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट आणखी जवळची. कवी नारायण वामन टिळक नागपुरात होते. तिथून राजनांदगावला जाताना त्यांना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने त्यांना नवा करार दिला आणि म्हणाला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या भजनांनी मराठी मंडळीच्या तोंडी स्वतःचं गाणं दिलं. तुमच्याही उपासनेत ती दर रविवारी असतील, तूच वाजवत असशील. आता त्या डब्यातल्या प्रवाशाचं नाव तुमच्या मंडळीत विचारून बघ. भंडारा-गोंदियावरून जाणारी गाडी, ऐकणारा एक माणूस, आणि बहुतेक उकाडा. मला त्या मार्गाने जाताना दर वेळी तो आठवतो आणि दर वेळी मी शेजारच्याशी बोलायचं टाळून खिडकीतून बाहेर बघतो. सव्वीस वर्षं पाळक असून.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला फिलिप्पही असाच. शोमरोनात त्याची सेवा जोरात, सगळं नगर आनंदलेलं. आणि देवाचा दूत त्याला गज्जाच्या निर्जन वाटेवर पाठवतो, एका रथात बसून वाचत असलेल्या एका माणसासाठी. तुझी अकरा मुलं म्हणजे रथापेक्षा दहा जास्तच झाली.

आता व्यवहाराचं. कन्व्हेन्शनला जाऊच नको असं मी म्हणणार नाही. आधी तुझ्या पाळकांसमोर बोलावण्यांची यादी ठेव आणि त्यांना नाही म्हणायचा हक्क दे, नुसती प्रार्थना करायचा नको. आपल्याला नाही म्हणू शकणारा माणूस जवळ नसला की आपण ज्याला आत्म्याची प्रेरणा म्हणतो, ती पुष्कळदा आपलीच मर्जी असते. सुरुवातीला तीन महिन्यांतून एक कार्यक्रम घे आणि रविवार सोडून. जाताना मंडळीतला एखादा मोठा माणूस सोबत ने. तो रात्री घोरेल, ते सहन कर.

पैशाचं स्पष्ट ठेव. गाण्याच्या खाली तुझ्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड टाकू नकोस. भाडं आणि जेवण घे, अर्पण मंडळीच्या पावतीवर जाऊ दे. तुला घर चालवायचं असेल तर मंडळी तुला उघडपणे देईल. चोरून घेतलेले पाचशे रुपये माणसाला जितकं वाकवतात तितकं पाच हजार पगार वाकवत नाही, हे मी पाहिलं आहे.

आणि एका गोष्टीवर मी कडक आहे. तू लिहिलंस की मित्र म्हणतो, आजाऱ्यांवर प्रार्थना करतानाचे व्हिडिओ टाकू, ते जास्त चालतात. टाकू नकोस. ती बाई कोणाची तरी सून आहे. तिला काय आजार आहे, हे तिच्या माहेरच्यांनाही माहीत नसेल आणि तू ते चाळीस हजारांना दाखवणार. मेळघाटातल्या एका ढाण्यावर, म्हणजे पाड्यावर, एक घर नुकतंच ख्रिस्ती विश्वासात आलं होतं. कोणीतरी हौसेने त्यांच्या प्रार्थनेचा व्हिडिओ फिरवला. गावात त्यांचं बोलणं-चालणं बंद झालं, हातपंपावरून भांडणं झाली. व्हिडिओ टाकणारा जिल्ह्याच्या गावी सुखरूप होता. शिवाय प्रार्थनेनंतर गोळ्या बंद करा असं कोणी स्टेजवरून सांगत असेल तर तू त्या स्टेजवर ढोलकी वाजवू नकोस. प्रभूनेही कुष्ठरोग्याला बरं करून सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस, जा आणि याजकाला दाखव. म्हणजे आधी तपासणी कर.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितले आहेत. वर्षातून चाळीस दिवस, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, काहीच टाकू नकोस. गा, रच, शिकव, पण टाकू नकोस. पहिला आठवडा हात खाजतील. दुसऱ्या आठवड्यात कळेल की गाणं कोणासाठी होतं. कोणाला सांगूही नकोस की मी चाळीस दिवस टाकत नाही आहे, नाहीतर त्याचीच पोस्ट होते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण आपल्या भागात हा रोगही आहे. काही सेवक लोकांना नकोसे होण्यालाच विश्वासूपणा समजतात. मंडळीतून पाच घरं निघून गेली की म्हणतात, सत्य कडू असतं. कधी कधी सत्य कडू नसतं, बोलणारा कडू असतो. पौल गलतीकरांना लिहितो की मी माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. तोच पौल करिंथकरांना लिहितो की मी सगळ्यांना सगळ्या गोष्टींत संतोषवायला बघतो, त्यांचं तारण व्हावं म्हणून. आणि तीमथ्याला तो सांगतो की मंडळीच्या अध्यक्षाचं बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असावं. तेव्हा तुझ्या गावात, बौद्ध वस्तीत, मारुतीच्या पारावर, किराणा दुकानात लोक तुझ्याबद्दल बरं बोलत असतील तर घाबरू नकोस. उधारी वेळेवर देणाऱ्याबद्दल लोक बरं बोलतातच.

लुस्त्राची गोष्ट मात्र आठवणीत ठेव. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात लोक पौल-बर्णबाला देव समजून बैल आणि फुलांचे हार घेऊन येतात. त्याच गावात, त्याच अध्यायात, बाहेरून आलेल्यांनी फितवल्यावर ते पौलाला दगडमार करून, मेला समजून, गावाबाहेर ओढत नेतात. हार ते धोंडा, मध्ये पाचसहा वचनं.

तुझी शंका अजून राहिली असेल: पण देवाला खरंच माझ्याकडून मोठं काही हवं असेल तर? यिर्मयाचा लेखनिक बारूख असाच तळमळत होता. पंचेचाळिसावा अध्याय, फक्त पाच वचनं. देव त्याला म्हणतो, तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी मागतोस का? मागू नकोस. जाशील तिथे तुझा जीव वाचवीन. बारूखाने मोठं काही केलं नाही. बसला आणि दुसऱ्याचं बोलणं लिहून घेतलं. राजाने ती गुंडाळी कापून शेगडीत जाळली तेव्हा पुन्हा बसला आणि पुन्हा लिहिली. आपण ज्या यिर्मयावर एवढं बोललो, तो वाचताना त्याचाही हात आठव. आणि यिर्मया? शहराला वेढा पडलेला असताना त्याने अनाथोथात सतरा शेकेल चांदी मोजून शेत घेतलं, खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवलं. आपल्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल की हा व्यवहार वेड्याचा आहे. कागद मात्र चोख केले होते, साक्षीदारांसकट.

शब्बाथशाळा या रविवारीच सुरू कर, पुढच्या नको. पुढच्या रविवारचं माझं झालेलं तुला सांगितलंच आहे. पहिल्या दिवशी गाणं शिकव, पण तुझं नको, पोरांच्या आज्यांना येणारं एखादं शिकव, म्हणजे घरी गेल्यावर त्यांच्यासोबत म्हणणारं कोणी असेल. अकरातले तीन-चार पहिल्या महिन्यात गळतील, कापूस वेचणीच्या दिवसांत तर आणखी. त्यांच्या घरी जा. आमच्याकडे एक जुनी ढोलकी पडून आहे, एका बाजूची पुडी फाटली आहे. दारव्ह्याला बसवून मिळत असेल तर घेऊन जा. पुढच्या आठवड्यात मी यवतमाळला येणार आहे, बसस्टँडवर भेट, सोबत आणतो.